जुलै आणि एप्रिल सोसतील अशी झाडं: किनाऱ्यालगतच्या घरासाठी निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर मालवणजवळ, समुद्रापासून तीनेकशे मीटरवर. पुढे पश्चिमेला उघडं अंगण, मागे माड आणि परसू. जमीन कुठे लाल माती, कुठे उघडा जांभा. गेल्या जूनमध्ये आणलेले गुलाब, जरबेरा आणि लॅव्हेंडर ऑगस्टपर्यंत गेले. आता या पावसाळ्यात अंगणासाठी झुडपं, वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं आणि पडवी-माजघरासाठी कुंडीतली झाडं घ्यायची आहेत. कोणती घ्यावीत?

गेलेल्या झाडांसाठी स्वतःला दोष देऊ नका. ती या हवेची नव्हतीच. आपल्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण 2500 ते 3500 मिमी पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन तापत आणि सुकत जाते. म्हणून कुठलंही झाड घेताना दोन महिने डोळ्यांसमोर आणा, जुलै आणि एप्रिल. जुलैत मुळांना हवा मिळत नाही. एप्रिलमध्ये पाणी मिळत नाही, आणि किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींना जे असतं तेही मचूळ. नर्सरीत डोलणारं फूल यातल्या कशाबद्दलच काही सांगत नाही.

झाडांची यादी करण्याआधी घराभोवती एक फेरी मारा आणि जागा ओळखा. पश्चिमेची, खारा वारा थेट लागणारी बाजू वेगळी. छपराची पागोळी पडते ती पट्टी वेगळी. माडाखालची सावली वेगळी, मोरीच्या पाण्याची ओल वेगळी, आणि वर हातभर माती व खाली सलग कातळ असलेला तुकडा तर अगदीच वेगळा. एकच जास्वंद मोरीकडे फोफावते आणि कातळाच्या खळग्यात कुजते.

कातळाचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त झाडं तिथे मरतात. जांभ्यातून पाणी झिरपतं हे खरं, पण सलग कातळात खोदलेला खड्डा म्हणजे दगडी डोणीच. मेमध्येच परीक्षा घ्या. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनीही तळाला दिसत असेल, तर त्या खड्ड्यात काही लावू नका. उताराच्या बाजूने तळापर्यंत चर फोडता आला तर फोडा. नाही जमलं तर जांभ्याचे तुकडे रचून फूट-दीड फूट उंचीचा गादीवाफा करा आणि झाड त्यावर लावा. खड्ड्यात खाली खडी भरून भागत नाही. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर खडीही बुडते आणि वरची मातीही.

पाणी जिरत असेल तिथे भरणी साधी ठेवा: खड्ड्यातलीच माती दोन घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं आणि दीडशे ग्रॅम निंबोळी किंवा करंज पेंड. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. त्याने हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. समुद्राची वाळू कधीही वापरू नका, नदीची रेती घ्या. झाड लावताना गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा दोन बोटं वर राहील असं बघा. भरणी पहिल्या पावसात खाली बसते, आणि समपातळीवर लावलेलं झाड महिन्याभरात खळग्यात जातं.

आता पश्चिमेची बाजू. खाऱ्या वाऱ्याची खूण सोपी आहे: पानाची समुद्राकडची कड आधी करपते, आतली बाजू हिरवी राहते. बुरशीचे डाग असे एका बाजूला येत नाहीत. सगळ्यात जास्त करपणं भर पावसात होत नाही, कारण पाऊस पानं धुऊन काढतो. ते होतं मेअखेरच्या कोरड्या सोसाट्यात आणि पावसाच्या उघडिपीत. या बाजूला पहिल्या फळीत कण्हेर, बोगनवेल, देवचाफा आणि स्पायडर लिली ठेवा. कण्हेर कुंपणाला तीन फुटांवर, सुटी लावायची तर पाच फुटांवर. तिचं पान, फांदी, चीक सगळंच विषारी आहे, म्हणून छाटलेल्या फांद्या गडग्यापलीकडे फेकू नका, गुरं खातात. बोगनवेल पावसात नुसती पानं काढते. त्याला घाबरून खत वाढवू नका. नोव्हेंबरनंतर पाणी ताणलं की ती आपोआप रंगते. जागा मोठी असेल तर सगळ्यात बाहेर एखादी उंडी किंवा भेंड लावा. चार-पाच वर्षांत तिच्या आडोशाला जास्वंद आणि तगरही नीट राहू लागतात.

देवचाफ्याबद्दल एक सूचना. त्याची फांदी तोडून लगेच भर पावसात रोवली की बुडखा कुजतो. फांदी मेच्या सुरुवातीला तोडा, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा आणि मग कोरड्या मातीत लावा. पाऊस सुरू होईपर्यंत तिने मूळ धरलेलं असतं.

या आडोशाच्या आत जी झुडपं लावायची त्यांत माझी पहिली पसंती गावठी लाल जास्वंदीला. मोठ्या, दुरंगी फुलांच्या संकरित जास्वंदी दिसायला देखण्या, पण आपल्या जुलैत बुडाशी कुजतात आणि जगल्या तर मार्चमध्ये पिठ्या ढेकणाने पांढऱ्या होतात. गावठी जास्वंद विकतही घ्यावी लागत नाही. बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी, डोळ्याच्या खाली तिरका काप, दोन डोळे मातीत आणि दोन वर. आर्द्रा नक्षत्राच्या पावसात लावा, दहातल्या सात-आठ लागतात. तगर आणि कोरांटी तितक्याच भरवशाच्या. कोरांटी पुन्हा उन्हाळ्यालाही दाद देत नाही आणि दिवाळीच्या सुमारास फुलते, जेव्हा बाकीची बाग पावसातून नुकती सावरत असते.

अनंत घ्याच, कारण त्याला आपली आम्ल लाल माती मनापासून आवडते. पण नव्या भिंतीलगत लावू नका. बांधकामाचा चुना-सिमेंट मातीत मिसळलेला असतो. त्याने आम्लता जाते, मुळांना लोह घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक याला खत कमी पडलं समजून युरिया टाकतात आणि झाड आणखी आजारी पडतं. राबीट, म्हणजे बांधकामाचा मलबा, काढून टाका, भोवतालची फूटभर माती बदला आणि लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट व अर्ध्या लिंबाचा रस घालून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पानांवर फवारा. एक्झोराचीही हीच तक्रार आणि हाच उपाय.

मोगरा, गुलाब आणि अबोली यांच्याबाबत मात्र मृगाची घाई करू नका. कोकणात लागवडीच्या दोन वेळा आहेत. पहिली, दोन-तीन चांगल्या सरी पडून जमीन आतून थंड झाल्यावर, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दुसरी, पावसाचा जोर ओसरल्यावर, गणपती गेल्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत. पहिली वेळ जास्वंद, तगर, सोनटक्का, लिली, हेलिकोनिया यांची. दुसरी वेळ बुडाशी कुजणाऱ्यांची. या झाडांना नंतर जूनपर्यंत पाणी घालावं लागतं, पण मेलेल्या झाडाला पाणी घालण्यापेक्षा ते बरं. तुमचे गुलाब आणि जरबेरा जूनऐवजी सप्टेंबरात, गादीवाफ्यावर किंवा कुंडीत लावले असते तर बहुधा निदान पहिलं वर्ष जगले असते. लॅव्हेंडर मात्र सोडूनच द्या. त्याला कोरडी हवा आणि चुनखडीची जमीन लागते, इथे यातलं काहीच नाही.

अबोलीवर थोडं जास्त लिहितो, कारण ती माडाच्या विरळ सावलीत जितकी सुंदर राहते तितकं दुसरं फुलझाड राहत नाही, आणि तरी ती अचानक मरते म्हणून लोक नाद सोडतात. हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. उपटून मुळं धुऊन बघा. बारीक पांढरी मुळं नाहीशी होऊन काळपट डाग किंवा गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आहेत, आणि त्यांनी केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी शिरते. अशा जागी पुन्हा अबोली लावू नका. एक हंगाम झेंडू घ्या, मग वाफा हातभर सरकवून, दर रोपाला मूठभर निंबोळी पेंड देऊन लावा. दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत एक फूट. गावठी अबोलीची बोंडं वाळल्यावर थेंबभर पाणी लागलं तरी तटकन फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून पहिल्या सरीनंतर जुन्या झाडाभोवती हात-दोन हातांवर रोपं दिसतात. चार पानांवर आली की हलवा. दिल्ली अबोली या नावाने मिळणारी जात बी धरत नाही, ती फाट्यांवरूनच वाढवतात. कोणी तिचं बी विकत असेल तर ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

ओलीची जागा सोनटक्क्याची. मोरीच्या पाटालगत, अर्ध्या सावलीत, गड्डा जेमतेम दोन बोटं मातीखाली, दोन गड्ड्यांत दीड-दोन फूट. खोल पुरला तर कोंब वर येण्याआधी सडतो. फुलून गेलेला दांडा जमिनीपाशी कापा, तो पुन्हा फुलत नाही आणि नुसती जागा अडवतो. चतुर्थीला फुलं हवीत म्हणून जूनमध्ये लहान पिशवीतली रोपं घेतात, ती बहुतेक त्या वर्षी फुलत नाहीत. शेजाऱ्याकडून चार-पाच डोळ्यांचा मोठा गड्डा मागा, तो त्याच भाद्रपदात फुलू शकतो. जास्तीचे गड्डे व्हाळात टाकू नका, ते वाहत जाऊन काठ व्यापतात.

पागोळीच्या पट्टीत नाजूक काही नको. कौलांवरून पडणारी धार मातीत पन्हळ पाडते आणि उडालेला चिखल पानांच्या खालच्या बाजूला बसतो. त्याच चिखलातून कुजीची बुरशी चढते. पागोळीच्या रेषेपासून दोन-अडीच फूट सोडा, रेषेवर जांभ्याचे चिरे किंवा नारळाची सोडणं उलटी अंथरा, आणि झाड हवंच असेल तर लिली किंवा कर्दळ लावा.

माडाखालीही विचार हवा. माडाची खाणारी मुळं बुंध्यापासून सहाएक फुटांच्या आत दाटलेली असतात. त्या आळ्यात झुडूप लावलं तर दोघंही उपाशी. शिवाय वरून झावळ आणि नारळ पडतात, एका पडलेल्या झावळीत तीन वर्षांचा अनंत मोडतो. दोन माडांच्या मधोमध जागा धरा.

जमीन झाकण्यासाठी नर्सरीवाले पिवळ्या फुलांचं वेडेलिया हमखास देतात. घेऊ नका. कांडी पडेल तिथे ते मुळं धरतं आणि दोन पावसाळ्यांत गडगा ओलांडून शेजारच्या आगरात जातं. घाणेरीचंही तेच, मग तिचे रंग कितीही गोड असोत.

आता नर्सरीत काय बघायचं. फूल शेवटी बघा, आधी पिशवी उचला. आंध्रातल्या कडियमसारख्या भागांतून ट्रकने येणाऱ्या झाडांचा गोळा बहुधा चिकट मातीचा असतो. प्रवासात फुटत नाही म्हणून तो तसा करतात. आपल्या भुसभुशीत लाल मातीत तो तसाच पुरला की जुलैत स्पंजासारखा पाणी धरून राहतो, आणि मार्चमध्ये आक्रसून विटेसारखा कडक होतो. मग वरून ओतलेलं पाणी त्याच्या कडेने निघून जातं, आतली मुळं कोरडीच. असा गोळा असेल तर लावण्याआधी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा, बाहेरची तिसरा हिस्सा माती बोटांनी हळूच सोडवा, तळाशी गुंडाळलेली मुळं धारदार कात्रीने कापा आणि वरची पानंही तेवढ्याच प्रमाणात कमी करा. पण मुळं सोडवलेलं झाड दुसऱ्या दिवशी कडक उन्हात लावू नका, ढगाळ दिवस धरा.

पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. तपकिरी, बोटाने दाबल्यावर साल सुटणारी असतील तर ठेवून द्या. पानांची खालची बाजू बघा, फांदीच्या बगलेत कापसासारखं पांढरं काही आहे का ते बघा. आणि वरची इंचभर माती बोटाने उकरा. साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी पुंजक्याने दिसली तर ती आफ्रिकन गोगलगायीची असू शकतात. एक कुंडी घरात आली की पुढचा पावसाळा तिच्यामागे जातो. आधीच आली असेल तर संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाका, त्याखाली पपईची पानं ठेवा, सकाळी हातमोजे घालून वेचा आणि दाट मिठाच्या पाण्यात बुडवा. ते पाणी झाडांपासून लांब ओता.

झाडं आणल्यावर आठ-दहा दिवस अंगणाच्या अर्ध्या उन्हात ठेवा. ती हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात, थेट उघड्यावर गेली तर पानं भाजतात. लावल्यावर वाऱ्याच्या बाजूला बांबूची काठी ठोका आणि सुंभाने आठाच्या आकड्यासारखा सैल फास द्या. हे वाटतं तेवढं किरकोळ नाही. न बांधलेलं झाड जुलैच्या वाऱ्यात दिवसभर डुलतं, बुंध्याभोवती नरसाळ्यासारखी फट पडते, तिच्यात पाणी साचतं आणि साल नेमकी त्या ओलीच्या रेषेवर कुजते. बहुतेकांना वाटतं झाड मुळातून गेलं, पण खरी जखम बोटभर वर असते. फट दिसली की माती दाबून बुजवा.

कुजणाऱ्या झाडांच्या बुंध्याला पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण लावून ठेवा. सुपारीला कोळेरोगासाठी मारतात तेच. 10 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. मग दोन्ही एकदमच तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवून काढा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. खत मात्र जुलैत देऊ नका, ते वाहून विहिरीत जातं. सप्टेंबरच्या मध्यानंतर झुडपाला 25 ते 30 ग्रॅम 15:15:15 मिश्र खत पुरे.

घरातल्या झाडांचं गणित उलटं आहे. त्यांना पाऊस लागत नाही, तरी ती पावसाळ्यातच मरतात, कारण हवेत इतका दमटपणा असतो की कुंडी सुकतच नाही आणि आपण सवयीने रोज पाणी घालतो. जुलै-ऑगस्टमध्ये बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको, मग दहा दिवस झाले असले तरी. कौलारू घराच्या माजघरात उजेड कमी, तिथे स्नेक प्लांट, झेडझेड आणि हिरव्या पानांचा अग्लोनेमा टिकतात. लाल-गुलाबी अग्लोनेमा उजेडाशिवाय फिका पडतो, त्याला खिडकी द्या. पडवीत पीस लिली, सिंगोनियम, मनी प्लांट, नेचे आणि टांगलेली डेंड्रोबियम ऑर्किड मजेत राहतात. ऑर्किडला माती अजिबात नको, जाळीच्या टोपलीत कोळसा आणि कौलांचे तुकडे भरा. जंगलातली सीतेची वेणी ही रानटी ऑर्किड झाडावरून काढून आणू नका, ती कुंडीत फार काळ जगत नाही आणि जंगलातून मात्र कायमची जाते. डिफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन आणि मनी प्लांटचं पान चावलं तर तोंडाला खाज आणि सूज येते. रांगतं मूल असेल तर ही उंचावर.

कुंडीसाठी बाजारातलं मिश्रण पावसाळ्यात फार ओल धरतं. कोकोपीट दोन भाग, जांभ्याचा हरभऱ्याएवढा चुरा दोन भाग, जाळलेलं भाताचं तूस एक भाग, गांडूळखत एक भाग, असं स्वतः करा. कच्चं तूस वापरलं तर ते कुजताना नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांच्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून गोड्या पाण्यात तीनदा भिजवून पिळून घ्या. कुंडी मातीची आणि आधीच्यापेक्षा दोन इंचच मोठी घ्या. लहान झाडाला मोठी कुंडी दिली की मुळं पोचत नाहीत तिथली माती आंबते. बारीक काळी चिलटं उडू लागली तर तीच खूण. अडेनियम आणि निवडुंग जून ते सप्टेंबर छपराखाली, जवळजवळ कोरडे. कुंडीखालच्या बशा दर दोन-तीन दिवसांनी रिकाम्या करा, डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात वाढतो.

आणि पाणी. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं का ते आत्ताच लक्षात घ्या. साबणाला फेस येत नसेल तर शंका घ्या, पण खात्री कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात तपासणी करूनच होईल. अहवालातली विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, 0.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर काहीही लावा. ती 3 च्या वर जात असेल तर अनंत, मोगरा, अबोली आणि कॅलेथिया यांची संख्या तेवढीच ठेवा जेवढ्यांना साठवलेलं पावसाचं पाणी पुरेल. कुंडीतल्या एका कॅलेथियाला उन्हाळ्यात आठवड्याला दोनेक लिटर पुरतं. पागोळीखाली 200 लिटरचं झाकणाचं पिंप सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात भरून सावलीत ठेवलं, तर तशा सहा झाडांचा एप्रिल आणि मे निघतो.